पाटणगडची भिंत, भोपाळचा कागद

गोंदियाहून जबलपूरला जाणारी छोटी लाईन होती, तेव्हा नैनपूरला गाडी बदलली की मंडल्याला पोहोचता येई. आमच्या भागातली जुनी माणसे मंडल्याला परक्या मुलुखात गणत नसत. 1956 पर्यंत तो जिल्हा आणि आमचा त्या वेळचा भंडारा जिल्हा एकाच प्रांतात होते, राजधानी नागपूर. त्या वर्षी नोव्हेंबरात राज्यांची फेररचना झाली. आम्ही मुंबई राज्यात आलो, मंडला नव्या मध्यप्रदेशात गेला आणि त्याची राजधानी झाली भोपाळ. नकाशावर रेघ पडली, पण गोंड आणि परधान रेघेच्या दोन्ही अंगांना होते तसेच राहिले.

परधान म्हणजे गोंडांचे भाट. यजमानाच्या दारी जायचे, बाना वाजवून बडा देवाची आळवणी करायची, घराण्याची वंशावळ गायची आणि धान्य, कापड, जनावर घेऊन परत यायचे. आपल्याकडच्या गोंधळ्याशी किंवा पिंगुळीच्या चित्रकथ्याशी त्यांचे नाते सहज लागते. पुढे यजमानच गरीब झाले आणि गाणे मागे पडले. इतिहासाच्या पुस्तकात राजांच्या वंशावळी असतात. त्या पाठ ठेवणाऱ्याच्या पोटाचे काय झाले, हा प्रश्न परीक्षेला येत नाही.

या परधानांचे एक गाव पाटणगड, आता दिंडोरी जिल्ह्यात. 1981 साली भोपाळहून काही तरुण चित्रकार तेथे पोहोचले. त्यांना पाठवले होते जगदीश स्वामीनाथन यांनी. भोपाळच्या तलावाकाठी चार्ल्स कोरियांच्या आराखड्यानुसार भारत भवन उभे राहत होते, आणि तेथील ‘रूपंकर’ संग्रहालयात शहरातला चित्रकार आणि खेड्यातला चित्रकार शेजारी शेजारी मांडायचा, असा स्वामीनाथनांचा हट्ट होता. पाटणगडात त्यांना घराच्या भिंतीवरची चित्रे दिसली. काढणारा होता जनगढसिंह श्याम, विशीच्या आसपासचा मुलगा. त्याला भोपाळला आणले गेले. 13 फेब्रुवारी 1982 ला भारत भवनाचे उद्घाटन झाले. त्याच इमारतीच्या बांधकामावर झाबुआकडची भूरीबाई ही भिल्ल मुलगी मजुरी करीत होती. स्वामीनाथनांनी तिलाही कागद-रंग दिले. 2021 साली तिला पद्मश्री मिळाली.

जनगढच्या हातात कागद आला, पोस्टर कलर आले, बारीक रेघेचे रोट्रिंग पेन आले. भिंतीवर माती-गेरूने ज्या आकृती होत नव्हत्या, त्या आता होऊ लागल्या: ठिपक्यांनी अंग भरलेले हरिण, शिंगांतून झाड फुटलेले सांबर. 1989 साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्याची चित्रे होती. भोपाळच्या नव्या विधानभवनाच्या भिंतींवरही त्याचे काम आहे. त्याच्यामागून भाऊबंद, पुतणे, मेव्हणे भोपाळला आले. त्याच्या घरी राहून रंग भरता भरता शिकले. आणि 2001 साली जपानमधल्या एका संग्रहालयात काम करीत असताना जनगढने आत्महत्या केली. वय चाळिशीच्या आतबाहेर. ज्या कलेने त्याला गावाबाहेर काढले, तिनेच त्याला इतक्या लांब एकटे नेले, हे मला कधी विसरता आलेले नाही.

त्याच्या घरी शिकलेली ही पिढी पुढे पुस्तकांकडे वळली. भज्जू श्याम हा त्याचा पुतण्या. भोपाळात आधी त्याने पहारेकऱ्याचेही काम केले. लंडनच्या एका हॉटेलच्या भिंती रंगवायला गेला आणि परत येऊन त्याने लंडनच चितारले. जमिनीखालून धावणारी आगगाडी झाली गांडूळ, आणि तिथले मोठे घड्याळ झाले कोंबडा. वेळ सांगण्याचे काम दोघांचेही! चेन्नईच्या ‘तारा बुक्स’ने ते पुस्तक 2004 मध्ये काढले. पुढे भज्जू, दुर्गाबाई व्याम आणि रामसिंह उर्वेती यांचे झाडांवरचे पुस्तक आले, काळ्या हातकागदावर हाताने छापलेले. 2008 साली इटलीतल्या बोलोन्याच्या बालपुस्तक मेळ्यात त्याला पुरस्कार मिळाला.

पण आम्हा मराठी वाचकांच्या जवळचे पुस्तक आहे ‘भीमायन’. दुर्गाबाई आणि त्यांचे पती सुभाष व्याम यांनी चितारलेले बाबासाहेबांचे हे चरित्र दिल्लीच्या ‘नवयान’ने 2011 मध्ये प्रसिद्ध केले. 1901 साली साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली मुले मसूर स्टेशनावर उतरतात, जात कळताच गाडीवान मिळेनासा होतो, पाणीही मिळत नाही. हा प्रसंग मी वर्गात तीस वर्षे सांगत आलो आहे. या पुस्तकात तो पाहिला तेव्हा मी थांबलो. व्याम दांपत्याने चौकटी आखल्याच नाहीत. माणसांना खोक्यात कोंबायचे नाही, हा त्यांचा आग्रह. पाण्यासाठी मासा येतो. आगगाडी सापासारखी वळते. सौम्य बोलणाऱ्याचे शब्द पक्ष्याच्या आकारात, आणि विटाळाची भाषा बोलणाऱ्याच्या शब्दांना विंचवाची नांगी. ती नांगी पाहून जे कळते, ते माझ्या फळ्यावरच्या मुद्द्यांनी कधी कळले असेल का, याची मला शंका आहे. दुर्गाबाई शाळेत गेलेल्या नाहीत. लहानपणी सारवलेल्या भिंतीवर दिगना काढायला शिकल्या, तेच त्यांचे शिक्षण. 2022 मध्ये त्यांनाही पद्मश्री मिळाली.

आणखी एक गोष्ट. या चित्रकारांत प्रत्येकाची आकृती भरण्याची खूण वेगळी असते. कोणाचे ठिपके, कोणाच्या साखळ्या, कोणाच्या बियांसारख्या बारीक रेघा. जाणकार माणूस नाव न वाचता चित्र ओळखतो. तरीही ‘भीमायन’च्या मुखपृष्ठावर चित्रकारांची नावे आहेत, लेखकांच्या बरोबरीने. आपल्याकडे पुस्तकाच्या चित्रकाराचे नाव बहुधा आतल्या पानावर, मुद्रकाच्या शेजारी बारीक टाइपात असते.

हे लिहिताना मला आमच्या शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका आठवते. मुखपृष्ठ गावातल्या एका पेंटरने काढले होते. दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस, तीन रात्री बसून त्याने शाळेची इमारत आणि पुढचे चिंचेचे झाड काढले. पैसे घेतले नाहीत. अंकात अध्यक्षांपासून शिपायांपर्यंत साऱ्यांचे आभार होते, मजकूर मीच तपासला होता. प्रकाशनानंतर तो प्रत घ्यायला आला. उभ्या उभ्या सगळी पाने चाळली, पुन्हा पहिल्यापासून चाळली आणि म्हणाला, “सर, छपाई छान झाली.” एवढेच. तो गेल्यावर मी अंक उघडला, तेव्हा माझ्या ध्यानात आले.

फ्लेक्स आले आणि त्याची टपरी बंद झाली. तो मुलाकडे राहायला परगावी गेला. शाळेच्या वाचनालयातल्या दोन प्रतींवर मी शाईने त्याचे नाव लिहिले आहे. बाकीच्या प्रती तशाच गावभर वाटल्या गेल्या.