ग्रहनिर्मिती आणि सृष्टिकथा : मारेगाव परिसर

ग्रहनिर्मिती आणि सृष्टिकथा : पृथ्वी व इतर ग्रह कसे घडले याचा खगोलशास्त्राने लावलेला उलगडा आणि धर्मपरंपरांतील उत्पत्तिकथा यांची तुलना. प्रस्तुत नोंद यवतमाळ जिल्ह्यातील मारेगाव तालुका आणि त्याभोवतीचा विदर्भ समोर ठेवून केली आहे. वर्धा व पैनगंगा या नद्यांमधल्या या मुलखात गोंडांचे गुडे, कोलामांचे पोड आणि हिंदू, बौद्ध, मुस्लिम वस्त्या जवळजवळ नांदतात. त्यामुळे सृष्टी कशी झाली या प्रश्नाला इथे अनेक उत्तरे आहेत. तुलना करणारे मात्र बहुधा एका बाजूला वेद-पुराणे आणि दुसऱ्या बाजूला दुर्बीण एवढेच घेतात. गोंड-कोलामांची परंपरा त्यांच्या लेखनात येत नाही, आणि मारेगावसारख्या ठिकाणी ही उणीव फार मोठी ठरते.

तेजोमेघातून सूर्यमाला घडली हा विचार इमॅन्युएल कांट याने १७५५ मध्ये आणि लाप्लास याने १७९६ मध्ये मांडला. आजचे चित्र त्याच वाटेने पुढे गेलेले आहे. वायू व धूळ यांचा थंड मेघ स्वतःच्या गुरुत्वाने आकसतो, मध्यभागी तारा पेटतो आणि उरलेले द्रव्य त्याच्याभोवती चपट्या चकतीत फिरत राहते. चकतीतले धूलिकण एकमेकांना चिकटून वाढतात. त्यांचे काही किलोमीटर व्यासाचे गोळे झाले की पुढचे काम गुरुत्व करते. ताऱ्याजवळच्या उष्णतेत खडक आणि धातू टिकतात, म्हणून तिथे पृथ्वीसारखे ग्रह होतात. दूर, जिथे पाणी गोठते, तिथे गुरूसारखे महाकाय ग्रह वाढतात. उल्कापाषाणांतील सर्वांत जुन्या कणांवरून सूर्यमालेचे वय सुमारे ४५६.७ कोटी वर्षे ठरते. हे सारे दीर्घकाळ अनुमानच होते. २०१४ मध्ये चिलीतील अल्मा दुर्बिणीने वृषभ राशीतील एचएल टाउरी या कोवळ्या ताऱ्याभोवतीची चकती तिच्यातल्या काळ्या खाचांसह टिपली, आणि २०१८ मध्ये पीडीएस ७० या ताऱ्याच्या चकतीत घडत असलेल्या ग्रहाचेच चित्र मिळाले.

वैदिक परंपरेत उत्पत्तीची एकच कथा नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात हिरण्यगर्भ आहे, पुरुषाच्या यज्ञातून झालेले जग आहे आणि आरंभ कोणाला ठाऊक असेल का, अशी शंका घेणारे नासदीय सूक्तही आहे. तैत्तिरीय उपनिषदात आत्म्यापासून आकाश, मग वायू, अग्नी, पाणी व शेवटी पृथ्वी असा सूक्ष्माकडून स्थूलाकडे जाणारा क्रम आहे. समर्थ रामदासांच्या दासबोधामुळे पंचभूतांचा हा क्रम मराठी घरांत पोचला. हिरण्यगर्भ म्हणजे तेजोमेघ असे सांगण्याची हौस मोठी आहे, पण ती ग्रंथालाही न्याय देत नाही आणि शास्त्रालाही. उपनिषदाचा क्रम भूतांचे स्वरूप सांगतो. चकतीतली धूळ कशी गोळा झाली हा त्याचा विषय नव्हे.

अशा जुळवाजुळवीत सर्वाधिक सांगितला जाणारा दाखला कालगणनेचा. ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजे कल्प, ४३२ कोटी वर्षांचा. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे. म्हणजे पूर्वजांना ते ठाऊक होते, असा युक्तिवाद केला जातो. परंतु ४३२ कोटी ही कल्पाची संपूर्ण लांबी आहे. पूजेच्या संकल्पात आपण आजही जे मन्वंतर आणि जे युग उच्चारतो, त्यांवरून हिशेब केला तर चालू कल्पाची सुमारे १९७ कोटी वर्षेच सरलेली आहेत. तुलना करायचीच तर ती या आकड्याशी करावी लागते, आणि तो पृथ्वीच्या वयाच्या निम्माही नाही. ४३२ कोटी ही संख्या मुळात महायुगाची ४३ लाख २० हजार वर्षे हजारपट करून आलेली आहे. एवढ्या अफाट काळाचा हिशेब मांडण्याचे धैर्य त्या गणितज्ञांनी दाखवले, हा त्यांचा खरा गौरव आहे.

बौद्ध परंपरेत निर्माता नाही. दीघनिकायातील अग्गञ्ञ सुत्तात जग आकसते आणि पुन्हा विस्तारते. कथेचा रोख मात्र समाजात भेद कसे शिरले याकडे आहे. जैनांच्या मते विश्व अनादी आहे. बायबल आणि कुराणात निर्मिती ईश्वराच्या इच्छेने होते.

गोंड परंपरेच्या केंद्रस्थानी पहांदी पारी कुपार लिंगो हा आदिपुरुष आहे. गुहेत कोंडलेल्या गोंडांच्या पूर्वजांना त्याने सोडवले आणि त्यांची देवसंख्येनुसार कुळांत विभागणी केली. ही गुहा म्हणजे गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील कचारगड, असे मानून माघ पौर्णिमेला तिथे मोठी जत्रा भरते. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी परधान या गोंडांच्या भाट समाजातील गायकाकडून ही गाथा मिळवली. त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी ती प्रसिद्ध केली. माणसे कुठून आली, कोणाचे लग्न कोणाशी होऊ शकते, कोणत्या कुळाने किती देव पुजायचे, हे तिचे प्रश्न आहेत. ग्रहांची उत्पत्ती तिच्याकडे मागणे म्हणजे तिचे म्हणणे न ऐकणे. नागपूरचे अभ्यासक मोतीरावण कंगाली यांनी फडापेन या सर्वोच्च शक्तीचा अर्थ सल्ला आणि गांगरा या दोन परस्परपूरक तत्त्वांच्या आधारे, निसर्गाच्या भाषेत लावला.

आकाशाचे निरीक्षण मात्र गोंड-कोलामांसारख्या समाजांत उत्पत्तिकथांपासून स्वतंत्रपणे वाढले आहे. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे या संशोधकांनी महाराष्ट्र, आंध्र व मध्य प्रदेशातील सुमारे १५ गोंड गावांत फिरून केलेला अभ्यास २०१३ मध्ये आला. पुढच्याच वर्षी बंजारा व कोलाम यांच्यावरचा आला. सप्तर्षींचे चार तारे म्हणजे खाट आणि उरलेले तीन ती पळवणारे चोर, ही गोंडांची समजूत त्यांनी नोंदवली. मृग नक्षत्राच्या भागात गोंडांना पेरणीची अवजारे दिसतात आणि आकाशगंगा म्हणजे त्यांच्या लेखी जनावरांची वाट. शेतीचा काळ ओळखण्यासाठी घडलेले हे ज्ञान निरीक्षणावर उभे आहे, त्यामुळे खगोलशास्त्राशी त्याचे नाते उत्पत्तिकथेपेक्षा जवळचे आहे.

विदर्भात या तुलनेला हाताला लागेल असा पुरावाही आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर म्हणजे विष्णूने मारलेल्या लवणासुराचे विवर, अशी कथा आहे आणि दैत्यसूदनाचे मंदिर तिथे उभे आहे. आघाताच्या दाबाने काचेसारखी झालेली खनिजे सांगतात, की सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा हा खळगा अशनी आदळून झाला. त्याला अंदाजे ५.७ लाख वर्षे झाली. ग्रह ज्या टकरींतून वाढले, त्यांच्यातलीच ही एक फार उशिरा झालेली, लहान टक्कर. नागपूर जिल्ह्यात काटोल येथे २२ मे २०१२ रोजी पडलेले दगड एल-६ वर्गातील कॉन्ड्राइट ठरले, म्हणजे ग्रहांत सामावून न गेलेले मूळ द्रव्य. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांना त्यांत ब्रिजमनाइट सापडले. पृथ्वीच्या खालच्या प्रावरणाचा बहुतांश भाग याच खनिजाचा आहे, आणि ६६० किलोमीटरपेक्षा खोल असल्यामुळे तिथला नमुना खोदून काढता येत नाही. काटोलच्या दगडात ते अंतराळातील टकरीच्या दाबाने तयार झाले होते.