तगरचे कापड आणि भडोचचे बंदर

श्रोतेहो, 'उगवती अर्थसत्ता' हा शब्द आजकाल आपल्या कानावर सारखा पडतो. एखादा देश उगवतो म्हणजे काय होते? त्याचा माल परदेशी जातो, परक्यांचे सोने घरात येते आणि मग त्या मालाच्या वाटा कोणाच्या ताब्यात असाव्यात यावरून झगडा सुरू होतो. ही गोष्ट आपल्या मराठवाड्याने दोन हजार वर्षांपूर्वी अनुभवली आहे.

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर नावाचे गाव आहे. संत गोरा कुंभारांचे गाव म्हणून वारकरी त्याला ओळखतात. याच गावाचे जुने नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाचे सागरी व्यापाराचे टिपण लिहिले. त्यात तो दक्षिणापथातल्या दोन बाजारपेठांचे नाव आवर्जून घेतो. भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेकडे दहा दिवसांवर तगर, 'फार मोठे शहर'. पैठणहून अकीक जाई आणि तगरहून साधे कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल. हा माल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदरावर नेत असत. हे तगर म्हणजे कोणते गाव, यावर विद्वानांत बरेच वाद झाले. १९०१ साली फ्लीट यांनी ते तेरच असल्याचे दाखवून दिले.

बदल्यात काय येई? सोन्याचांदीची नाणी, इटलीचे मद्य, तांबे, कथील, पोवळे, काच. मोसमी वाऱ्यांचे गणित साधल्यामुळे इजिप्तच्या एकाच बंदरातून वर्षाला १२० जहाजे हिंदुस्थानाकडे निघत, असे स्ट्रॅबो सांगतो. रोमच्या प्लिनीने तर तक्रारच मांडली की, हिंदुस्थान दरसाल ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो आणि आपला माल शंभरपट भावाने आमच्याकडे विकला जातो. आजच्या भाषेत ही व्यापारी तुटीची तक्रार झाली! हा प्लिनी इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेला. त्याच उद्रेकात गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी जवळचे नाते सांगणारी मूर्ती आपल्या तेरच्या पांढरीतही मिळाली आहे.

पण श्रोतेहो, माल तगरचा असला तरी बंदर तगरचे नव्हते. सातवाहनांचे राज्य पठारावर, तर भडोच पश्चिम क्षत्रपांकडे. त्यामुळे कल्याण बंदराला फार महत्त्व होते. पेरिप्लसचा कर्ता लिहितो की, पूर्वी कल्याण ही रीतसर पेठ होती, पुढे तिथला व्यापार अडवला गेला आणि चुकून तिथे लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. आजच्या नाकेबंदीपेक्षा हे काय वेगळे आहे?

क्षत्रप नहपानाने नाशिकपर्यंत हात पसरले. त्याचा जावई उषवदात याचा लेख नाशिकच्या लेण्यात आहे. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे त्याने २००० आणि १००० कार्षापणांची ठेव ठेवली. एकीवर दरमहा शेकडा एक, तर दुसरीवर पाऊण टक्का व्याज. भिक्षूंचा खर्च त्या व्याजातून भागायचा. म्हणजे राजघराण्याने पैसा विश्वासाने ठेवावा, एवढी पत विणकरांच्या संघटनेला होती. सत्तेचा खरा पाया इथे दिसतो.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी येथे १९०६ साली तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर नहपानाच्या छापावर गौतमीपुत्राचा ठसा मारलेला आहे. चांदी तीच, हुकूम मात्र बदलला. त्याची आई गौतमी बलश्री हिच्या लेखात अपरांत, म्हणजे कोकण, त्याच्या राज्यात मोजलेला आहे. पठारावरची सत्ता समुद्रापर्यंत पोहोचली. पुढे यज्ञ सातकर्णीच्या काळात नाण्यावर जहाजही आले.

तिसऱ्या शतकात रोमची घडी विस्कटली, इकडे सातवाहनही मावळले. समुद्रावरचा ओघ आटला तसे तगर मागे पडले. नाव मात्र राहिले. कित्येक शतकांनंतर कोकणचे शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेण्यात भूषण मानत.

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर वेचून जमवलेल्या वस्तूंचे शासकीय संग्रहालय गावात आहे. रोमन नाण्यांच्या धर्तीवर केलेली मातीची पदके तिथल्या मातीनेच दिली. २०१८ साली देशातल्या मागास राहिलेल्या जिल्ह्यांची 'आकांक्षित जिल्हे' म्हणून यादी निघाली, तेव्हा त्यात हा जिल्हा होता. ज्या मातीतले कापड समुद्रापार जात होते, तिची ही गत का व्हावी? तगरचा इतिहास एवढे नक्की सांगतो की, विणणारा हात, मालाची वाट आणि बंदराचा दरवाजा या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच मुलूख उगवतो. पैकी पहिली गोष्ट आपल्याकडे होतीच. उरलेल्या दोन नसल्या, की कष्ट आपले आणि नफा दुसऱ्याचा!

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)