लागवड : उघडी, छपराखालची व बंदिस्त (रत्नागिरी जिल्हा)

पीक मोकळ्या आभाळाखाली घेणे, शेडनेट किंवा पॉलिहाऊसच्या छपराखाली वाढवणे आणि बंद खोलीत हवा, ओल व उजेड हाताशी ठेवून पिकवणे, अशा लागवडीच्या तीन रीती. थंड देशांत काचेचे हरितगृह आले ते ऊब कोंडून ठेवण्यासाठी. रत्नागिरी जिल्ह्यात ऊब बारमाही आहे. तेथे छप्पर लागते ते पाऊस, कडक ऊन आणि कीड अडवण्यासाठी. छपराखाली साचलेली ऊब व दमटपणा बाहेर कसा घालवायचा, हा कोकणातला खरा प्रश्न आहे. त्यामुळे युरोपातला किंवा देशावरचा नमुना येथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

हवामान व जमीन : जिल्ह्यात वर्षाकाठी साधारण ३,००० ते ३,५०० मिमी. पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. समुद्रकाठी हिवाळ्यातही पारा सहसा १५° से.च्या खाली उतरत नाही. पावसाळ्यात हवेतील आर्द्रता अनेकदा ९० टक्क्यांच्या आसपास असते व सूर्यप्रकाश कित्येक दिवस ढगांआड राहतो. जमीन जांभ्याची : आम्लधर्मी, पाण्याचा झटकन निचरा होणारी आणि सड्यांवर तर नुसता कातळ. पावसाळ्यात पाणी वाहून जाते आणि मार्च-एप्रिलमध्ये विहिरी तळ गाठतात. लागवडीची कोणतीही रीत निवडताना या दोन टोकांचा विचार करावा लागतो.

उघडी लागवड : भात, नाचणी, आंबा, काजू, नारळ आणि सुपारी ही जिल्ह्याची मुख्य पिके उघड्यावरची आहेत. पावसाळ्यात परसातल्या मांडवावर काकडी, पडवळ, दोडका व कारली घेतात; वेल उंचावर खेळत्या हवेत राहतो, फळ चिखलापासून दूर राहते. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर पावटा, कुळीथ अशी कडधान्ये, आणि जिथे पाणी आहे तिथे मिरची, वांगी, कलिंगड होते. हिवाळ्यातील कोरडी हवा, स्वच्छ ऊन आणि सौम्य रात्री भाजीपाल्याला इतक्या मानवतात की ऑक्टोबरअखेर ते मार्च या काळात छपरावर खर्च करण्याचे कारण क्वचितच उरते.

हापूस आंबा उघड्या लागवडीचे बळ व दुबळेपण दोन्ही दाखवतो. कातळात सुरुंगाने खड्डे फोडून, बाहेरची माती भरून लावलेली कलमे पुढे पावसावर जगतात. मात्र मोहोराच्या दिवसांत ढगाळ हवा आली की तुडतुडे, भुरी आणि करपा बळावतात. अवकाळी सर आली की मोहोर झडतो. जपानमधील मियाझाकी प्रांतात आंब्याची ठेंगणी झाडे हरितगृहात वाढवतात आणि पिकून गळणारे फळ जाळीत झेलतात. तिथला हिवाळा आंब्याला सोसणारा नसल्याने व फळाला मोठा भाव मिळत असल्याने तो खर्च निभतो. कोकणातल्या विस्तीर्ण हापूस झाडावर छप्पर घालणे परवडत नाही. येथे शोधलेला उपाय छोटा आणि शहाणपणाचा आहे : वाढत्या फळावर कागदी पिशवी चढवणे. फळमाशी अंड्यांसाठी फळापर्यंत पोहोचत नाही, डाग कमी पडतात आणि फवारणीही वाचते. झाड उघड्यावर आणि छप्पर फक्त फळापुरते, अशी ही विभागणी आहे.

झाडांचेच छप्पर : कोकणातील वाडीत नारळ-सुपारीच्या झावळ्या उन्हाची धार मोडतात व त्यांच्या सावलीत जायफळ, काळी मिरी आणि दालचिनी वाढते. रत्नागिरी शहरालगत भाट्ये येथे १९५५ पासून असलेल्या नारळ संशोधन केंद्राने नारळबागेत मसाला पिके घेण्याची ही रीत शास्त्रशुद्ध आखून दिली. ती ‘लाखी बाग’ या नावाने बागायतदारांत रूढ आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण तेज’ ही दालचिनीची जात अशा सावलीतल्या लागवडीत घेतली जाते. हे छप्पर उभारायला पैसा लागत नाही, ते गंजत नाही आणि स्वतः उत्पन्न देते. सावलीचे कोणतेही पीक शेडनेटमध्ये नेण्याआधी वाडीत त्याला जागा आहे का, हे म्हणूनच आधी पाहावे.

रोपवाटिका : जिल्ह्यात छपराचा सर्वांत जुना व सर्वांत लाभदायक उपयोग रोपवाटिकेत झाला आहे. दापोली येथे १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेल्या व आता डॉ. बाळासाहेब सावंत यांचे नाव असलेल्या कोकण कृषी विद्यापीठाने कोय कलमाची पद्धत शेतकऱ्यांपर्यंत नेली. रुजलेल्या कोयीचे रोप दोन-तीन आठवड्यांचे, देठ अजून कोवळे व पाने तांबूस असताना त्यावर हापूसची पक्व काडी पाचर पद्धतीने बसवतात आणि जोड प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात. हे काम पावसाळ्यात करतात, कारण तेव्हाची दमट हवा काडी सुकू देत नाही. कोरड्या मुलखात यासाठी तुषार-कक्ष उभारून हवा ओली ठेवावी लागते; कोकणात पावसाळी हवेत ती ओल आयतीच मिळते. हवा असतो तो केवळ आडोसा : पावसाचा थेट मारा सौम्य करणारा आणि पाऊस उघडल्यावर पडणारे ऊन गाळणारा. पूर्वी हे काम झावळ्यांचा मांडव करी. आता बहुतेक ठिकाणी शेडनेट करते.

छपराखालची लागवड : तिचे तीन प्रकार जिल्ह्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत.

शेडनेट ही सांगाड्यावर ताणलेली विणलेली जाळी. ३५, ५० व ७५ टक्के सावलीच्या जाळ्या प्रचलित आहेत. ती ऊन गाळते, हवा खेळती ठेवते. पाऊस मात्र अडवत नाही. रोपवाटिका, शोभेची झाडे व उन्हाळी पालेभाजी यांना ती पुरते. पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ धरते आणि आधीच कमी असलेला उजेड आणखी घटतो. त्या काळात ती धुऊन काढणे किंवा उतरवणे आवश्यक ठरते.

पावसाळी छप्पर म्हणजे वर पारदर्शक पॉलिथिन कागद व चारी बाजू मोकळ्या. केरळमध्ये भर पावसात भाजी घेण्यासाठी हा प्रकार मोठ्या प्रमाणावर वापरतात. पाने कोरडी राहिल्याने बुरशी रोखली जाते, माती पानांवर उडत नाही आणि गरम हवा बाजूंनी निघून जाते. कोकणाचे हवामान केरळच्या जवळचे असल्याने हाच प्रकार येथे सर्वांत अधिक जुळणारा आहे. सांगाड्याला कोकणातला माणगा बांबू चालतो. तो जवळजवळ भरीव असल्याने टिकतो. प्रक्रिया करून वापरल्यास अधिक वर्षे जातो.

पॉलिहाऊस म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपांचा सांगाडा, त्यावर सुमारे २०० मायक्रॉन जाडीचा, अतिनील किरणांना टिकणारा कागद आणि बाजूंना कीटकरोधक जाळी. पुणे जिल्ह्यातील मावळात याच्या जोरावर गुलाबाची निर्यात उभी राहिली. मावळ उंचावर आहे, तेथील रात्री थंड आहेत. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ती सोय नाही. पंखे व ओल्या पडद्यांनी हवा थंड करण्याची यंत्रणा पाण्याच्या बाष्पीभवनावर चालते. हवा कोरडी असेल तेवढा थंडावा अधिक. हवा आधीच बाष्पाने भरलेली असली की पंखे वीज खातात व पारा फारसा उतरत नाही. म्हणून येथे पॉलिहाऊस बांधायचेच तर उंच, माथ्याला झरोका असलेले व बाजू गुंडाळून वर घेता येतील असे असावे. खाऱ्या वाऱ्याने पाइप व जोड लवकर गंजतात, हेही हिशेबात धरावे लागते. एक गोष्ट मात्र कोकणाच्या बाजूची आहे. पॉलिहाऊसचे गादीवाफे भरण्यासाठी पश्चिम महाराष्ट्रातील शेतकरी लाल माती विकत आणतात. ती निचऱ्याची माती येथे घरचीच आहे. पण एकाच वाफ्यात मिरची, टोमॅटो, वांगी पुन्हा पुन्हा घेतल्यास जिवाणूजन्य मर रोग ठाण मांडतो. पीक फेरपालट किंवा नारळाच्या भुश्यात लागवड हे त्यावरचे मार्ग.

बंदिस्त लागवड : बंद खोलीत वाढवण्याचे, कोकणाला साजेसे पीक म्हणजे धिंगरी अळिंबी. तिला ऊन नको. सुमारे २० ते ३०° से. तापमान व ८० ते ९० टक्के आर्द्रता हवी. भाताचा पेंढा भिजवून गरम पाण्याने निर्जंतुक करतात, पिशव्यांत थरांनी भरतात, मध्ये अळिंबीचे बियाणे पेरतात व अंधाऱ्या खोलीत टांगतात. घराघरांत निघणारा पेंढा आणि अंगणालगतची एक खोली एवढ्यावर हे उत्पन्न घेता येते. बटण अळिंबीला मात्र १६ ते १८° से.चा गारवा लागत असल्याने ती किनाऱ्यावर वातानुकूलनावाचून होत नाही.

उन्हाची गरज असलेले पीक खोलीत घेतले की हिशेब बदलतो. भर दुपारचे ऊन एका चौरस मीटरवर सुमारे १,००० वॅट ऊर्जा विनामूल्य टाकते. फुलणाऱ्या पिकाला १० चौ. मी. जागेत दर चौरस मीटरला ३०० वॅटचे दिवे रोज १२ तास दिले, तर केवळ दिव्यांना दिवसाला ३६ युनिट वीज लागते. दिव्यांची उष्णता व पानांनी सोडलेले बाष्प काढण्याची वीज वेगळी. हा भार फार महाग पिकालाच पेलतो. परदेशांत गांजाच्या लागवडीत दिव्यांची खोली रुळली, त्याचे एक कारण हेच. हे झाड रात्र लांबली की फुलते. उघड्यावर त्याचे वर्षात एकच पीक येते, हरितगृहात काळे पडदे ओढून रात्र लांबवता येते आणि खोलीत बारा तासांचा अंधार ठेवून वर्षभर फुलोरा आणता येतो. त्याचे दाट तुरे दमट हवेत बुरशीने कुजतात, हा धोका तिन्ही रीतींत असतो. भारतात १९८५च्या अमली पदार्थविषयक (एनडीपीएस) कायद्याने वैद्यकीय, वैज्ञानिक किंवा तंतू-बियांच्या औद्योगिक प्रयोजनासाठी परवानगी असल्याखेरीज ही लागवड गुन्हा ठरते. शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी आहे. उत्तराखंडाने २०१८ मध्ये दिलेले परवाने तंतू व बियांच्या, मादक अंश अत्यल्प असलेल्या औद्योगिक भांगेसाठी आहेत.

जोखीम व खर्च : ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगड भागातील नारळ, सुपारी व आंब्याच्या बागा आडव्या केल्या, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याने वर सरकले. वाडी पुन्हा उभी राहायला वर्षे लागतात. छपराच्या लागवडीत तर सांगाडा, कागद आणि पीक एकाच रात्री जाऊ शकते. त्यामुळे इशारा मिळताच कागद सोडवता येईल अशी बांधणी, वाऱ्याच्या बाजूला झाडांची रांग व विमा या तीन गोष्टी छपराच्या खर्चातच धरायला हव्यात. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानातून शेडनेट व पॉलिहाऊसला ठरलेल्या खर्चमर्यादेत ५० टक्के अनुदान मिळते. अनुदानाने उभारणी हलकी होते. वीज, कागद बदलणे आणि बाजारपेठेपर्यंतची वाहतूक शेतकऱ्याच्याच अंगावर राहते.

निवड : फळझाडे व भात उघड्यावर, मसाला पिके वाडीच्या सावलीत, कलमे व रोपे शेडनेटमध्ये, पावसाळी भाजी मोकळ्या बाजूंच्या छपराखाली आणि अळिंबी खोलीत, अशी वाटणी जिल्ह्याच्या हवामानाशी जुळते. पूर्ण पॉलिहाऊसला जागा आहे ती घाटाकडच्या, खाऱ्या वाऱ्यापासून दूर असलेल्या आणि खात्रीचा खरेदीदार मिळालेल्या शेतकऱ्याकडे. लहान भूधारकाने पहिले छप्पर रोपवाटिकेवर घालावे. तिथे जागा थोडी लागते, पावसाळी दमट हवा मदतीला असते आणि तयार कलमाला गावातच गिऱ्हाईक मिळू शकते.