प्रयोगशाळेपासून बाजारापर्यंत

शास्त्रज्ञांची नावे आपण पाठ करतो. पण त्यांचा शोध दुकानापर्यंत कोण पोहोचवतो, हे सहसा विचारीत नाही. अमेरिकन विद्यापीठांत हे काम करणाऱ्यांची एक संघटना आहे. विद्यार्थ्यांनी तिचा इतिहास जाणून घ्यावा.

सुरुवात मुडदुसापासून करावी लागते. अन्नावर अतिनील किरण सोडल्यास त्यात ड जीवनसत्त्व तयार होते, हे विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या हॅरी स्टीनबॉक यांनी दाखविले. पेटंटच्या अर्जासाठी त्यांनी पदरचे ३०० डॉलर घातले. १९२५ साली माजी विद्यार्थ्यांनी प्रतिष्ठान स्थापिले व परवान्यांचे उत्पन्न पुन्हा संशोधनाकडे वळू लागले. येथवर सारे उत्तम! पण विस्कॉन्सिन पडला दूधदुभत्याचा प्रांत. लोण्याला स्पर्धा नको म्हणून मार्गारीनच्या कारखानदारांना परवाना नाकारण्यात आला. आणि मार्गारीन खात होते कोण? लोणी न परवडणारे गरीब, म्हणजे ज्यांच्या मुलांना मुडदुसाचा धोका अधिक तेच. पुढे १९४५ च्या सुमारास अपील न्यायालयाने ती पेटंटेच रद्द ठरविली.

महायुद्धानंतर दुसरे टोक गाठले गेले. सरकारी पैशातून लागलेल्या शोधांची पेटंटे बहुधा सरकारजमा होत. अशी सुमारे २८,००० पेटंटे साठली, पण परवाने ५ टक्क्यांचेही गेले नाहीत. जे कोणालाही मिळू शकते, त्यासाठी कारखानदार आपले भांडवल का अडकवील? या अडचणीतून वाट काढण्यासाठी १९७४ साली विद्यापीठांच्या पेटंट-अधिकाऱ्यांनी आपली संघटना काढली. विस्कॉन्सिनचे हॉवर्ड ब्रेमर तिच्या अग्रणींपैकी होते. कायदा बदलावा म्हणून या मंडळींनी नेटाने प्रयत्न केले, आणि १९८० च्या डिसेंबरात बाय-डोल कायदा झाला. पेटंट विद्यापीठाने ठेवावे, उत्पन्नातील वाटा संशोधकास द्यावा, उरलेले शिक्षण व संशोधनावर खर्चावे, असे त्यात ठरले. १९८९ मध्ये संघटनेने नाव बदलून ‘विद्यापीठ तंत्रज्ञान व्यवस्थापक’ असा शब्दप्रयोग स्वीकारला.

याच काळात स्टॅनफर्डच्या नील्स रायमर्स यांनी कोहेन व बॉयर यांच्या जनुक-जोडणीच्या शोधाचा अर्ज, मुदत संपण्यास आठवडा उरला असता दाखल करविला. त्यातून पुढे २५ कोटींहून अधिक डॉलर आले. परवाना मात्र कोणा एकाच कंपनीला न देता शेकडो कंपन्यांना दिला, हे मला त्या रकमेपेक्षा मोलाचे वाटते.

मार्गारीनचा प्रश्न मिटला असे मात्र नाही. २००७ साली काही अमेरिकन विद्यापीठांनी परवान्यांसाठी नऊ मुद्द्यांचे पत्रक काढले. संघटनेनेही त्यास पाठिंबा दिला. करार करताना उपेक्षित रुग्णांचा व मागास प्रदेशांचा विचार व्हावा, हा त्यातील शेवटचा मुद्दा आहे.