दयामरण म्हणजे नेमकं काय? आणि अरुणा शानबाग यांना ते का नाकारलं गेलं?

दयामरण म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर इंजेक्शन येतं. भारतात ते आजही गुन्हाच आहे. रुग्णाने हात जोडून मागितलं तरी डॉक्टर मृत्यू घडवून आणणारं औषध देऊ शकत नाही. याला सक्रिय दयामरण म्हणतात. नेदरलँड्ससारख्या देशात २००२ पासून ते काही अटींवर कायदेशीर आहे. भारतात परवानगी आहे ती फक्त निष्क्रिय दयामरणाला, म्हणजे बरं होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचे कृत्रिम उपचार थांबवण्याला किंवा सुरूच न करण्याला.

हा फरक कायद्यात आला तो मुंबईतल्या एका खटल्यामुळे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी परळच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर तिथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळल्यामुळे मेंदूचा रक्तपुरवठा तुटला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. हल्लेखोर सात वर्षांची शिक्षा भोगून सुटला, तीही चोरी आणि हल्ल्याची. बलात्काराचा आरोप त्याच्यावर ठेवलाच गेला नव्हता.

२००९ मध्ये लेखिका पिंकी विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. अरुणा यांना अन्न भरवणं थांबवावं आणि शांतपणे जाऊ द्यावं, ही त्यांची मागणी. केईएमच्या परिचारिकांनी मात्र ठाम विरोध केला. सदतीस वर्षं त्या अरुणा यांना न्हाऊमाखू घालत होत्या, भरवत होत्या. इतक्या वर्षांत एकदाही पाठीला जखम होऊ दिली नव्हती.

पेच इथेच आहे. अरुणा व्हेंटिलेटरवर नव्हत्या. मग तोंडात भरवलेला मऊ घास हा ‘उपचार’ मानायचा की साधी माणुसकी? आणि त्यांच्या वतीने बोलायचं कुणी? दोन्ही बाजू अरुणा यांच्या भल्याचंच बोलत होत्या. त्यांचं स्वतःचं मत मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला अन्नपाणी सोडलं तेव्हा हा प्रश्न आला नाही, कारण निर्णय त्यांचा स्वतःचा होता.

७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने विराणी यांची याचिका फेटाळली. अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असं ठरलं. त्याच निकालाने उच्च न्यायालयाच्या परवानगीने निष्क्रिय दयामरणाला वाट करून दिली. परवानगीची अट घालण्यामागची भीती आपल्याकडे अगदी खरी आहे: मालमत्तेवर डोळा असलेले नातेवाईक. अरुणा १८ मे २०१५ रोजी केईएममध्येच न्यूमोनियाने गेल्या.

९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि ‘लिव्हिंग विल’लाही मान्यता दिली. शुद्धीत असतानाच लिहून ठेवायचं, की पुढे अशी अवस्था आली तर कोणते उपचार नकोत. पण दंडाधिकाऱ्यासमोर सही करण्याच्या अटीमुळे ते जवळपास कागदावरच राहिलं. २४ जानेवारी २०२३ ला नियम सोपे झाले. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. आपल्या वतीने कुणी बोलायचं, त्या व्यक्तींची नावंही त्यातच लिहायची. विचार बदलला तर ते कधीही लेखी रद्द करता येतं.

तरी कागद दाखवला की लगेच नळ्या निघत नाहीत. आधी रुग्णालयातलं तीन डॉक्टरांचं मंडळ तपासतं, मग दुसरं मंडळ. दोन्हींचं एकमत झालं की दंडाधिकाऱ्यांना कळवून उपचार थांबवता येतात. मंडळाने नकार दिला, तर कुटुंबाला उच्च न्यायालयात जाता येतं.