इंजिनीअरिंग फिजिक्स : शिक्क्यापलीकडचा विचार

आयआयटीच्या प्रवेशफेऱ्यांचे दिवस आले की अनेक घरांत एका प्रश्नावर खल सुरू होतो. मुलाला किंवा मुलीला मिळालेल्या क्रमांकावर कॉम्प्युटर सायन्स मिळण्याची शक्यता नसते, इलेक्ट्रिकलही हातून निसटत असते. मात्र पसंतीक्रमाच्या यादीत पुढे कुठेतरी ‘इंजिनीअरिंग फिजिक्स’ हे नाव दिसते. संस्था नामवंत, पदवी बी.टेक.ची आणि विषयही अकरावी-बारावीपासून ओळखीचा. मग घ्यायला काय हरकत आहे, असे वडील म्हणतात. पुढे नोकरी कसली मिळणार, असे आई विचारते. या दोन्ही प्रश्नांचे उत्तर शोधायला कुटुंबाच्या हाती जेमतेम काही दिवस असतात आणि निर्णय मात्र चार वर्षांचा असतो.

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. अभियांत्रिकीच्या कोणत्याही शाखेला प्रथम वर्षात ‘इंजिनीअरिंग फिजिक्स’ किंवा ‘अप्लाइड फिजिक्स’ नावाचा एक पेपर असतो. त्याची गाइडे पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात ढिगाने मिळतात. येथे ज्या अभ्यासक्रमाचा विचार करावयाचा आहे, त्याचा या पेपरशी नावापुरताच संबंध. हा चार वर्षांचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम असून तो सहसा संस्थेच्या भौतिकशास्त्र विभागामार्फत चालविला जातो. पदवी अभियंत्याची आणि शिकविणारे प्राध्यापक बहुतांशी भौतिकशास्त्रज्ञ, अशी ही रचना आहे. तिचे बळ आणि तिच्या अडचणी, दोन्हींचे मूळ येथेच आहे.

शास्त्रज्ञाने निसर्गाचे नियम शोधावेत आणि अभियंत्याने यंत्रे बांधावीत, ही विभागणी दुसऱ्या महायुद्धात पुरती कोलमडली. रडार, अणुभट्टी यांसारखी कामे दोघांपैकी एकट्याला जमणारी नव्हती. युद्ध संपल्यावर अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठासारख्या संस्थांनी या दोहोंना जोडणारे पदवी शिक्षण सुरू केले. १९४७ साली बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लावणाऱ्या तिघांपैकी जॉन बार्डीन यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. त्यांची पहिली पदवी विद्युत अभियांत्रिकीची होती. डॉक्टरेट त्यांनी प्रिन्स्टनमधून गणिती भौतिकीत मिळविली. भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोन वेळा, १९५६ आणि १९७२ साली, मिळविणारे ते आजवरचे एकमेव शास्त्रज्ञ आहेत.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. नारायणगावजवळ खोडद येथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप उभी आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. एवढ्या मोठ्या तबकड्या सलग पत्र्याच्या केल्या असत्या तर त्यांचे वजन आणि वाऱ्याचा दाब पेलणारे सांगाडे परवडलेच नसते. प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलादी तारांची जाळी दोरांच्या आधाराने ताणून पृष्ठभाग तयार केला. जाळीची छिद्रे एक-दोन सेंटिमीटरची आणि ज्या रेडिओ लहरी टिपावयाच्या त्यांची लांबी बरीच मोठी, काही वेळा मीटरहूनही अधिक. लहरींच्या दृष्टीने ती जाळी आरशासारखीच असते. वारा मात्र तिच्यातून निघून जातो. तरंगलांबीचे ज्ञान हे भौतिकशास्त्र, त्यातून वाचलेले पोलाद हे अभियांत्रिकी. इंजिनीअरिंग फिजिक्स म्हणजे काय, हे विचारणाऱ्या पालकांना एकदा खोडदचा रस्ता दाखवावा, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे.

अभ्यास कसला असतो?

पहिले वर्ष सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांना जवळपास समान असते : कलनशास्त्र, रेषीय बीजगणित, प्रोग्रॅमिंग, थोडे रसायनशास्त्र, कार्यशाळा. वेगळेपण दुसऱ्या वर्षापासून जाणवू लागते. अभिजात यामिकी, विद्युतचुंबकीय सिद्धान्त, क्वांटम मेकॅनिक्स, सांख्यिकीय भौतिकी आणि घनस्थिती भौतिकी हे विषय एम.एस्सी.च्या तोडीने शिकविले जातात. त्यांच्या जोडीला अॅनालॉग आणि डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स, सेमीकंडक्टर उपकरणे, प्रकाशिकी व लेसर, संगणकीय पद्धती आणि दर सत्रात प्रयोगशाळा असते. ऐच्छिक विषय आणि ‘मायनर’ यांची सोय जेथे आहे, तेथे विद्यार्थी कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रिकलमधील विषयांचा संचही पूर्ण करू शकतो.

खरी परीक्षा येथेच होते. जेईईसाठी दोन-तीन वर्षे घोटलेले फिजिक्स हे प्रामुख्याने ठरावीक वेळेत प्रश्न सोडविण्याचे कौशल्य असते. त्यात उत्तम गुण मिळविलेल्या मुलाला विषयाची आवड आहे, असे घरच्यांनी गृहीत धरलेले असते आणि अनेकदा त्या मुलानेही. क्वांटम मेकॅनिक्समध्ये मात्र चेंडू, घसरगुंडी आणि कप्पी मागे पडतात. तेथे कणाचे स्थान सांगता येत नाही; शक्यतांचे गणित मांडावे लागते आणि एकेक उदाहरण दोन-तीन पाने चालते. ज्याला हे आकर्षक वाटते त्याची पुढील तीन वर्षे आनंदात जातात. ज्याला केवळ उत्तर चटकन मिळवण्याची गोडी होती, त्याच्यासाठी ती ओढाताण ठरते. सत्रामागून सत्र मागे पडणारी मुले बुद्धीने कमी नसतात; त्यांची निवड चुकलेली असते, इतकेच.

सुदैवाने ही चाचणी प्रवेशाआधीच, घरबसल्या आणि विनामूल्य घेता येते. आयआयटी मद्रासचे प्रा. व्ही. बालकृष्णन यांची भौतिकशास्त्रावरील व्याख्याने एनपीटीईएलवर उपलब्ध आहेत. रिचर्ड फाइनमन यांची प्रसिद्ध व्याख्याने कॅलटेकने इंटरनेटवर वाचण्यास खुली केली आहेत. प्रवेश परीक्षा आणि प्रवेशफेऱ्या यांच्यामधील आठवड्यांत यांपैकी काही भाग सावकाश पाहावा, वाचावा. सारे समजले पाहिजे असे मुळीच नाही. मात्र न समजलेल्या भागाकडे पुन्हा वळावेसे वाटते की पान मिटावेसे वाटते, याची नोंद विद्यार्थ्याने स्वतःशी प्रामाणिकपणे करावी. विभागाच्या संकेतस्थळावरील आठही सत्रांची विषयसूची वाचणे तर अगदीच सोपे. तरीही ती न वाचता प्रवेश घेणारे कितीतरी असतात.

कोठे शिकता येते?

महाराष्ट्रात या अभ्यासक्रमासाठी पहिले नाव पवईच्या आयआयटीचे घ्यावे लागते. दिल्ली, मद्रास, गुवाहाटी, रुरकी, हैदराबाद, मंडी आणि धनबाद येथील आयआयटींमध्येही तो आहे. वाराणसीच्या आयआयटीत तो पाच वर्षांच्या दुहेरी पदवीच्या स्वरूपात शिकविला जातो. कालिकत व हमीरपूर येथील एनआयटी आणि दिल्ली टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी येथे जेईई मेनच्या गुणांवर प्रवेश मिळतो. अंतराळ विभागाने २००७ साली तिरुवनंतपुरम येथे स्थापन केलेल्या आयआयएसटीमध्ये इंजिनीअरिंग फिजिक्सची पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण असा पाच वर्षांचा जोड अभ्यासक्रम आहे. तेथील प्रवेश जेईई अॅडव्हान्स्डच्या क्रमांकावर होत असले तरी त्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो.

ज्यांना शुद्ध भौतिकशास्त्राची ओढ आहे, त्यांनी आयआयटीच्या नावासाठी अडून बसण्याचे कारण नाही. पुण्यातील आयसर, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, भुवनेश्वरची नायसर आणि मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातील अणुऊर्जा विभागाचे मूलभूत विज्ञान केंद्र येथे पदवीपासूनच संशोधनाभिमुख शिक्षण मिळते. नायसर व मुंबईच्या केंद्रासाठी ‘नेस्ट’ ही परीक्षा आहे. पुण्या-मुंबईच्या चांगल्या महाविद्यालयातून बी.एस्सी. करून पुढे नामवंत संस्थेत एम.एस्सी. करणे, हा जुना मार्गही बंद झालेला नाही. उलटपक्षी ज्यांना उपकरणे, चिप्स आणि सर्किट यांतच रस आहे, त्यांनी एखाद्या चांगल्या महाविद्यालयातील इलेक्ट्रॉनिक्सचा विचार आधी करावा. ‘दोन्हींतले थोडे थोडे’ हवे म्हणून इंजिनीअरिंग फिजिक्स घेऊ नये. येथे दोन्हींतले पुष्कळ करावे लागते.

प्रवेशानंतर शाखा बदलून घेऊ, या भरवशावर राहणेही आता धोक्याचे आहे. पहिल्या वर्षाच्या गुणांवर शाखाबदल देण्याची पद्धत काही आयआयटींनी अलीकडच्या वर्षांत बंद केली आहे.

नोकरीचे वास्तव

कॅम्पस मुलाखतींच्या हंगामात इंजिनीअरिंग फिजिक्सचे विद्यार्थी मोठ्या संख्येने सॉफ्टवेअर, डेटा अॅनालिटिक्स, वित्तसंस्था आणि सल्लागार कंपन्यांत जातात. त्यांचे गणित पक्के असते, प्रोग्रॅमिंगची सवय असते आणि अनेक कंपन्या शाखेचे बंधन घालत नाहीत. वित्तक्षेत्रातील जोखमीची गणिते आणि सांख्यिकीय भौतिकी यांत साम्यही बरेच आहे. मात्र या नोकऱ्या मिळतात त्या प्रामुख्याने संस्थेचे नाव आणि विद्यार्थ्याची स्वतःची तयारी यांच्या बळावर. कमी परिचित संस्थेत हीच शाखा घेणाऱ्याला तितका आधार मिळेलच असे नाही. म्हणून ‘इंजिनीअरिंग फिजिक्सला स्कोप आहे का?’ या प्रश्नाआधी ‘कोणत्या संस्थेतील?’ असे विचारणे भाग आहे.

सरकारी नोकरीचे स्वप्न पाहणाऱ्यांनी अधिक सावध असावे. सार्वजनिक उपक्रमांच्या भरतीच्या जाहिराती बहुतेक वेळा मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, सिव्हिल, इलेक्ट्रॉनिक्स अशी शाखांची नावे देऊनच निघतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाची अभियांत्रिकी सेवा परीक्षाही सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार या चारच विषयांत होते. इंजिनीअरिंग फिजिक्सचा पदवीधर दोन दरवाजांच्या मध्ये उभा राहतो : अभियंत्यांच्या यादीत त्याच्या शाखेचे नाव नसते आणि शास्त्रज्ञांच्या जागेसाठी एम.एस्सी. मागितलेली असते. कर्करोग रुग्णालयांतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञाचे उदाहरण घ्या. रुग्णाला द्यावयाच्या किरणोत्साराची मात्रा ठरविण्याचे हे जबाबदारीचे काम या विषयाच्या अगदी जवळचे. तरीही त्यासाठी भौतिकशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि त्यानंतरचा विशेष डिप्लोमा लागतो. ज्या पदाची आकांक्षा आहे, त्याच्या गेल्या दोन-तीन वर्षांतील जाहिराती काढून त्यातील अर्हतेचा रकाना शब्दशः वाचावा. प्रवेशाआधी केलेले अर्ध्या दिवसाचे हे काम पुढचा मोठा मनस्ताप वाचवू शकते.

याचा अर्थ विषयाशी निगडित काम नाही, असा मात्र नव्हे. ते बहुधा एम.टेक. अथवा पीएच.डी.नंतर मिळते, हे लक्षात घेतले पाहिजे. फोटॉनिक्स, सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक्स, निर्वात तंत्रज्ञान, अतिशीत तापमानाचे तंत्र, संवेदके ही त्याची क्षेत्रे. रुग्णालयातील एमआरआय यंत्राचे अतिवाहक चुंबक द्रवरूप हेलियमच्या साह्याने उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावे लागते. अशा यंत्राच्या रचनेत भौतिकी आणि अभियांत्रिकी वेगळी काढताच येत नाही. पवईच्या आयआयटी परिसरातील ‘समीर’ या संस्थेने कर्करोगावरील उपचारासाठी रेषीय त्वरक विकसित केला आहे. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे होणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३मध्ये सुमारे २६०० कोटी रुपये खर्चाची मंजुरी दिली. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमधील, प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्शाहूनही सूक्ष्म असा फरक लेसरने मोजावयाचा आहे. त्याच महिन्यात मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी २०३०-३१पर्यंत ६००३ कोटी रुपयांची तरतूद असून त्यातील क्वांटम संवेदन व मापनाचे केंद्र मुंबईच्या आयआयटीकडे आहे. सेमीकंडक्टर निर्मितीसाठी केंद्राने डिसेंबर २०२१मध्ये ७६ हजार कोटींची योजना जाहीर केली आणि गुजरातमधील साणंद व धोलेरा येथील प्रकल्पांना त्यानंतर मंजुरी मिळाली. मंजूर झालेला निधी आणि प्रत्यक्ष भरलेल्या जागा यांत अंतर असते, हे खरे. आज प्रवेश घेणारा विद्यार्थी पदवी आणि संशोधन संपवून बाहेर पडेल तोवर हे अंतर किती उरलेले असेल, यावर बरेच अवलंबून राहील.

संशोधनाचा मार्ग लांबचा आहे, हे घरात आधीच बोलून घ्यावे. भारतात कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती जानेवारी २०२३पासून दरमहा ३७ हजार रुपये आणि वरिष्ठ शिष्यवृत्ती ४२ हजार रुपये आहे. त्यावर घरभाडे भत्ता मिळतो. पीएच.डी.ला पाच वर्षे सहज लागतात आणि पुढेही कायम पदाआधी काही वर्षे तात्पुरत्या नेमणुकीची जातात. सॉफ्टवेअरमध्ये गेलेला वर्गमित्र तोवर फ्लॅटचे हप्ते भरू लागलेला असतो. शैक्षणिक कर्ज काढून शिकणाऱ्या, धाकट्या भावंडांची जबाबदारी असलेल्या मुलाला ही तुलना चुकविता येत नाही. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत पदवीनंतर थेट पीएच.डी.ला प्रवेश व त्यासोबत शिक्षणशुल्कात सूट आणि विद्यावेतन मिळू शकते, त्यामुळे या शाखेतील पुष्कळ विद्यार्थी तिकडे वळतात. मात्र त्यासाठी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासूनच प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत काम करून शिफारसपत्रे कमवावी लागतात. शेवटच्या वर्षी जाग येऊन उपयोग नसतो.

ज्यांचा निर्णय याउपरही इंजिनीअरिंग फिजिक्सच्या बाजूने होईल, त्यांनी ‘जोसा’चा पसंतीक्रम भरताना एक काळजी घ्यावी. मागील वर्षाचे अखेरचे क्रमांक पाहून यादी लावू नये. जी जागा खरोखर अधिक हवी, तीच वर ठेवावी. जागा मिळाल्यावर ‘फ्लोट’ पर्याय स्वीकारला आणि पुढील फेरीत वरची पसंती मिळाली, तर आधीची जागा आपोआप रद्द होते व ती परत मागता येत नाही. मिळालेल्या जागेवर समाधान असेल तर ‘फ्रीझ’ आणि त्याच संस्थेत वरची शाखा हवी असेल तर ‘स्लाइड’ असे पर्याय असतात. शुल्क भरणे व कागदपत्रांची पडताळणी यांच्या मुदती कडक असल्याने हे तीनही शब्द पालकांनी पहिल्या फेरीपूर्वीच समजून घ्यावेत.