पाषाणगर्दभ, कर्णमूल आणि अर्बुद : एक निदानविचार

दासोपंतांच्या (इ. स. १५५१–१६१५) पासोडीमुळें आंबेजोगाई संग्राहकांस परिचित आहे, परंतु बीड जिल्ह्यांतील जुन्या दप्तरांतल्या वैद्यकी बाडांकडे सहसा कोणी वळत नाहीं. अशा एका बाडांत कानाखालील प्रत्येक सुजेस ‘गालगुंड’ म्हणून एकच लेप सांगितलेला मीं पाहिला. मूळ ग्रंथांत मात्र येथें तीन भिन्न विकार आहेत.

निर्णयसागरच्या १९३८ च्या आवृत्तींत पाहतां, सुश्रुतानें निदानस्थानाच्या १३ व्या अध्यायांत पाषाणगर्दभ क्षुद्ररोगांत घातला आहे : हनुसंधीवरील कठीण, अल्पवेदनेची सूज. हेंच आपलें गालगुंड. चरकाचा कर्णमूलशोथ संनिपातज्वराच्या अंतीं येतो व बहुधा प्राण घेतो. तिसरें अर्बुद (निदान, अध्याय ११) : वाटोळें, खोल मुळाचें, सावकाश वाढणारें व न पिकणारें. मर्मावरील, स्रोतसांतील व अचल अर्बुद असाध्य. आणि काढतांना शेष राहिल्यास तें पुन्हां वाढतें.

सुश्रुतास लालापिंड पृथक् ज्ञात नव्हते. म्हणून त्यांचा कर्करोग त्यानें वर्णिला, असें म्हणणें धाडसाचें होईल. तथापि असाध्यतेचीं लक्षणें आजच्या शास्त्राशीं जुळतात. लालापिंडांच्या गांठींपैकीं सुमारें ८० टक्के कानापुढील पिंडांत होतात, व त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात. पिंड जितका लहान तितका संशय अधिक. चेहऱ्याचा मज्जातंतु त्या पिंडांतूनच जातो. म्हणून तोंड वांकडें होणें हें दुश्चिन्ह. एक प्रकार तर मज्जातंतूंच्या कडेनें पसरतो व दहा-पंधरा वर्षांनीं फुप्फुसांत प्रकट होतो. तेथें पांच वर्षें निर्विघ्न गेलीं म्हणजे रोग गेला, असें मानतां येत नाहीं.

हें लिहिण्यास कारण माझी स्वतःची चूक आहे. बारा वर्षांपूर्वीं शेजारच्या एका वृद्ध बाईंनीं कानाखालची गांठ दाखविली. कठीण, वेदना नाहीं. मीं बाड उघडून ‘पाषाणगर्दभ’ म्हटलें व लेप सांगितला. आठ महिने गेले, तोंड वांकडें झालें, तेव्हां त्या शस्त्रवैद्यांकडे गेल्या. त्या वांचल्या नाहींत. लक्षणें मीं बरोबर वाचलीं होतीं; काल वाचला नव्हता. गालगुंड पंधरवड्यांत ओसरतें, अर्बुद ओसरत नाहीं.

सबब बाडें छापणाऱ्यांस विनंति कीं, जुन्या नांवापुढें आधुनिक रोगाचें नांव निःशंकपणें लिहूं नये. पोथी जपावी, परंतु तीन आठवडे न विरणारी गांठ शस्त्रवैद्यासच दाखवावी.